मातीतील विषारी धातूंच्या गांडुळांवरील परिणामांचे पूर्वानुमान

मातीतील विषारी धातूंच्या गांडुळांवरील परिणामांचे पूर्वानुमान ही मृदाविज्ञान आणि विषशास्त्र यांच्या सीमेवरील एक अभ्यासपद्धती आहे. एखाद्या जमिनीत कॅडमियम, शिसे, तांबे, जस्त, निकेल यांसारखे धातू किती आहेत आणि त्या जमिनीचे गुणधर्म कोणते आहेत, यांवरून तेथील गांडुळांचे जगणे, वाढ व प्रजनन यांवर कोणता परिणाम होईल याचा अंदाज या पद्धतीत बांधला जातो. मातीतील धातूचे एकूण प्रमाण आणि त्यातून गांडुळापर्यंत प्रत्यक्ष पोहोचणारे प्रमाण या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे या अभ्यासाचे मूलतत्त्व होय. गांडुळापर्यंत पोहोचू शकणाऱ्या अंशाला जैवउपलब्ध अंश म्हणतात.

महाराष्ट्रातील अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यासारख्या काळ्या, चुनखडीयुक्त जमिनींच्या प्रदेशात हा भेद विशेष महत्त्वाचा ठरतो. जगभर वापरल्या जाणाऱ्या चाचण्या आणि मर्यादा प्रामुख्याने युरोप व अमेरिकेत, तेथील माती आणि हवामान समोर ठेवून तयार झाल्या आहेत. त्या जशाच्या तशा लावल्यास निर्धोक जमीन दूषित ठरण्याचा आणि धोक्याची जमीन निर्धोक ठरण्याचाही संभव असतो.

गांडुळाची निवड

गांडूळ मातीतच जन्मते, मातीच खाते आणि आयुष्यभर मातीच्या सतत संपर्कात राहते. त्याला फुप्फुसे नसतात. श्वसन ओलसर त्वचेतून होते. त्यामुळे मातीच्या कणांमधील पाण्यात विरघळलेले पदार्थ त्वचेवाटे सहज शरीरात शिरतात. गांडुळे पालापाचोळा जमिनीत ओढून नेतात, त्यांच्या बिळांतून पाणी व हवा खेळते आणि त्यांच्या विष्ठेतून पिकांना अन्नद्रव्ये मिळतात. ती नाहीशी झाली तर जमिनीचा पोत आणि पाणी मुरण्याची क्षमता हळूहळू ढासळते.

गांडूळ हे अनेक पक्षी, बेडूक आणि कोंबड्या यांचे भक्ष्यही आहे. गांडुळाच्या शरीरात साठलेला धातू या मार्गाने अन्नसाखळीत पुढे जातो. म्हणून गांडुळावरील परिणामाचा अंदाज हा केवळ एका प्राण्यापुरता नसून संपूर्ण जमिनीच्या आरोग्याचा निर्देशक मानला जातो.

धातूंचा शरीरप्रवेश आणि निचरा

धातू गांडुळाच्या शरीरात दोन मार्गांनी जातात : त्वचेतून आणि आतड्यातून. नेदरलँड्समधील संशोधकांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही गांडुळांची तोंडे वैद्यकीय डिंकाने बंद करून त्यांची तुलना सामान्य गांडुळांशी केली. कॅडमियम, तांबे आणि शिसे यांचा प्रवेश बहुतांशी त्वचेतूनच होतो, तर जस्ताचा काही अंश अन्नावाटे येतो, असे त्यातून दिसून आले. मातीच्या कणांना घट्ट चिकटलेल्या धातूपेक्षा मातीतील पाण्यात असलेला धातू अधिक निर्णायक का ठरतो, हे यावरून स्पष्ट होते.

शरीरात गेलेल्या सर्व धातूंचे वर्तन सारखे नसते. तांबे आणि जस्त हे सूक्ष्म प्रमाणात गांडुळालाही आवश्यक असल्याने त्यांचे प्रमाण शरीर काही मर्यादेपर्यंत नियंत्रणात ठेवते. कॅडमियम आणि शिसे यांचा शरीराला उपयोग नाही. कॅडमियम हे मेटॅलोथायोनीन नावाच्या गंधकयुक्त प्रथिनाशी बांधले जाते आणि अतिशय मंद गतीने बाहेर पडते. शिसे हे आतड्याभोवतीच्या क्लोरॅगोजेन ऊतकातील फॉस्फेटयुक्त कणांत साठते. अशा रीतीने बांधला गेलेला धातू तात्पुरता निरुपद्रवी होतो. परंतु ही साठवण अपुरी पडू लागली की वाढ खुंटते आणि अंड्यांच्या कोशांची संख्या घटते.

प्रमाणित चाचण्या

आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेने, म्हणजेच ओईसीडीने, १९८४ साली गांडुळांवरील तीव्र विषबाधेच्या चाचणीची मार्गदर्शिका क्रमांक २०७ प्रसिद्ध केली. तिच्यात आयसेनिया फेटिडा ही जात वापरतात. चाचणीची माती कृत्रिम असते : वजनाने सुमारे ७० टक्के गारगोटीची वाळू, २० टक्के केओलिन चिकणमाती आणि १० टक्के पीट नावाचा कुजलेला शेवाळी पदार्थ. तिचा सामू ६च्या आसपास आणि तापमान २० अंश सेल्सियस राखले जाते. १४ दिवसांनंतर किती गांडुळे मेली हे मोजतात. ज्या मात्रेला निम्मी गांडुळे मरतात तिला एलसी-५० असे म्हणतात.

२००४ साली आलेल्या मार्गदर्शिका क्रमांक २२२मध्ये मृत्यूऐवजी प्रजननाला महत्त्व दिले आहे. पर्याणिका असलेली प्रौढ गांडुळे चार आठवड्यांनंतर मातीतून काढून टाकतात आणि आणखी चार आठवड्यांनी कोशांतून बाहेर आलेली पिल्ले मोजतात. ज्या मात्रेला परिणाम निम्म्यावर येतो तिला ईसी-५० म्हणतात. याशिवाय आंतरराष्ट्रीय मानक संघटनेची ४८ तासांची टाळणूक-चाचणीही प्रचलित आहे. तिच्यात एकाच डब्याच्या एका बाजूला स्वच्छ आणि दुसऱ्या बाजूला संशयित माती ठेवतात. बहुसंख्य गांडुळे स्वच्छ बाजूस गेल्यास संशयित माती त्यांच्या वास्तव्यास अयोग्य समजतात.

मृत्यू आणि प्रजनन यांतील तफावत किती मोठी असू शकते हे इंग्लंडमध्ये १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या स्पर्जन, हॉपकिन आणि जोन्स यांच्या अभ्यासातून दिसते. कृत्रिम मातीत कोशनिर्मिती निम्म्यावर आणणाऱ्या मात्रा त्यांना किलोमागे पुढीलप्रमाणे आढळल्या :

* कॅडमियम : सुमारे ४६ मिलिग्रॅम
* तांबे : सुमारे ५३ मिलिग्रॅम
* जस्त : सुमारे २७६ मिलिग्रॅम
* शिसे : सुमारे १,९४० मिलिग्रॅम

तांब्याच्या बाबतीत निम्मी गांडुळे मारणारी मात्रा याच्या सुमारे दहापट होती. याचा अर्थ असा की, ज्या जमिनीत प्रौढ गांडुळे जिवंत दिसतात त्या जमिनीतही त्यांची पुढची पिढी थांबलेली असू शकते. ब्रिस्टलजवळील एव्हनमथ येथील धातुशुद्धी कारखान्याभोवतीच्या प्रत्यक्ष जमिनींत मात्र गांडुळे या आकड्यांवरून अपेक्षित होती त्यापेक्षा अधिक धातू सहन करताना दिसली, कारण कृत्रिम मातीत नव्याने मिसळलेला धातू हा शेतात वर्षानुवर्षे मुरलेल्या धातूपेक्षा अधिक उपलब्ध असतो.

पूर्वानुमानाची प्रतिमाने

मात्रा-परिणाम वक्र

हे सर्वांत साधे प्रतिमान होय. मात्रा आडव्या आणि परिणाम उभ्या अक्षावर मांडल्यास इंग्रजी एस अक्षरासारखा वक्र मिळतो. ईसी-५० आणि वक्राचा उतार हे दोन आकडे माहीत असले की कोणत्याही मात्रेसाठी परिणाम काढता येतो. मात्र तो आकडा ज्या मातीत प्रयोग झाला त्याच मातीपुरता खरा असतो.

संचयाची समीकरणे

अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेतील संशोधकांनी १९९८ साली अनेक ठिकाणच्या नोंदी एकत्र करून मातीतील धातूवरून गांडुळाच्या शरीरातील धातूचा अंदाज देणारी लॉगरिदमवर आधारित समीकरणे मांडली. कॅडमियमसाठी मातीतील प्रमाणाच्या नैसर्गिक लॉगरिदमला ०.७९५ने गुणून २.११४ मिळवतात. त्यानुसार मातीत किलोमागे १ मिलिग्रॅम कॅडमियम असल्यास गांडुळाच्या कोरड्या वजनात किलोमागे सुमारे ८ मिलिग्रॅम, तर १० मिलिग्रॅम असल्यास सुमारे ५२ मिलिग्रॅम कॅडमियम अपेक्षित असते. जस्तासाठी हाच गुणक ०.३२८ एवढा लहान आहे; मातीतील जस्त दहापट वाढले तरी गांडुळातील जस्त जेमतेम दुप्पट होते. आवश्यक आणि अनावश्यक धातूंमधील भेद या दोन गुणकांतून आकड्यांच्या रूपाने दिसतो.

जैविक बंधस्थानाचे प्रतिमान

या प्रतिमानात गांडुळाच्या पृष्ठभागावर धातू बांधला जाण्याच्या जागा कल्पिलेल्या असतात. मातीच्या पाण्यातील मुक्त धातू-आयन त्या जागा मिळवण्यासाठी हायड्रोजन, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांच्या आयनांशी स्पर्धा करतात. ज्या प्रमाणात जागा धातूने व्यापल्या जातात त्या प्रमाणात परिणाम घडतो. तांबे व निकेल यांसाठी अशी प्रतिमाने २००५-०६च्या सुमारास मांडली गेली. आम्लधर्मी मातीत मुक्त आयनांची संख्या अधिक असते, पण स्पर्धक हायड्रोजनही अधिक असतो. विम्लधर्मी मातीत मुक्त आयन फार थोडे असतात, परंतु जे असतात त्यांना स्पर्धा कमी असते. सामूचा परिणाम असा दोन्ही बाजूंनी होत असल्याने केवळ सामू पाहून निष्कर्ष काढता येत नाही.

पुष्कळदा इतके सूक्ष्म रासायनिक मोजमाप उपलब्ध नसते. अशा वेळी धनायन विनिमय क्षमता हा एकच गुणधर्म वापरून ईसी-५० दुरुस्त करतात. मातीतील चिकणमाती आणि सेंद्रिय पदार्थ धातूंचे आयन किती धरून ठेवू शकतात याचे ते माप आहे. युरोपातील निरनिराळ्या जमिनींवर झालेल्या अभ्यासांत गांडुळांसाठी हा गुणधर्म उपयुक्त आढळला.

धातूंचे मिश्रण

प्रत्यक्षात जमिनीत एकच धातू क्वचित असतो. प्रत्येक धातूच्या प्रमाणाला त्याच्या ईसी-५०ने भागून येणाऱ्या भागाकारांची बेरीज करणे ही त्यावरील प्रचलित रीत आहे. उदाहरणार्थ, कृत्रिम मातीत किलोमागे कॅडमियम १०, तांबे २०, जस्त १२० आणि शिसे २०० मिलिग्रॅम आहे असे मानल्यास वरील आकड्यांनुसार भागाकार अनुक्रमे ०.२२, ०.३८, ०.४३ आणि ०.१० येतात. एकही धातू स्वतंत्रपणे आपल्या निम्म्या परिणामाच्या मात्रेच्या अर्ध्यापर्यंतही पोहोचत नाही. तरी बेरीज १.१३ होते, म्हणजे कोशनिर्मिती निम्म्याहून खाली जाण्याची अपेक्षा ठेवावी लागते. धातू एकमेकांचा परिणाम कमी किंवा अधिक करत असतील तर हा अंदाज चुकतो.

अहिल्यानगर जिल्ह्यातील जमिनी

सुमारे १७ हजार चौरस किलोमीटर विस्ताराचा हा जिल्हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठा आहे. त्याचा बहुतेक भाग दख्खनच्या बेसॉल्ट खडकावर वसलेला असून गोदावरी, प्रवरा आणि मुळा यांच्या खोऱ्यांत मध्यम ते खोल काळी जमीन, तर पठारांवर मुरमाड हलकी जमीन आढळते. महात्मा फुले कृषी विद्यापीठ याच जिल्ह्यात राहुरी येथे आहे.

काळ्या जमिनीतील मूळचे तांबे

जगातील मातींत तांब्याचे सरासरी प्रमाण किलोमागे सुमारे २० ते ३० मिलिग्रॅम असते. दख्खनच्या बेसॉल्टात ते सुमारे १०० मिलिग्रॅम आणि अनेक ठिकाणी त्याहूनही अधिक आहे; निकेल आणि क्रोमियमही त्यात असतात. बेसॉल्टापासून बनलेल्या काळ्या मातीत हे धातू वारशानेच येतात. कृत्रिम मातीतील ५३ मिलिग्रॅमची मात्रा अशा जमिनीला लावली, तर कधीही फवारणी न झालेल्या शेतातही गांडुळांचे प्रजनन निम्म्यावर आले असावे, असा निष्कर्ष निघेल. प्रत्यक्षात अशा जमिनींत पावसाळ्यात गांडुळे आढळतात, कारण हे तांबे खनिजांच्या स्फटिकांत बंदिस्त असते. म्हणून मूळचे प्रमाण वेगळे काढून केवळ बाहेरून आलेल्या धातूचा विचार करावा, अशी पद्धत सुचवली जाते.

बाहेरून येणारे तांबे

डाळिंबावरील तेल्या आणि द्राक्षावरील केवडा या रोगांसाठी बोर्डो मिश्रण आणि कॉपर ऑक्सिक्लोराइड यांची फवारणी केली जाते. एक टक्का बोर्डो मिश्रणात १०० लिटर पाण्यास १ किलो मोरचूद लागते आणि मोरचुदाच्या वजनाचा चौथा भाग तांबे असतो. हेक्टरी १,००० लिटर फवारणी धरल्यास जमिनीवर २.५ किलो तांबे येते. हेक्टरभर क्षेत्रातील वरच्या १५ सेंटिमीटर मातीचे वजन सुमारे २० लाख किलो असते. सर्व तांबे या थरात राहिले असे मानल्यास एका फवारणीने किलोमागे १.२५ मिलिग्रॅम तांब्याची भर पडते. वर्षाला चार फवारण्या झाल्यास २० वर्षांत ही भर १०० मिलिग्रॅम होते, म्हणजे खडकाकडून आलेल्या तांब्याइतकी. रासायनिक पृथक्करणात दोन्ही तांबी एकत्रच मोजली जातात. गांडुळाच्या दृष्टीने मात्र दुसरे अधिक धोक्याचे असते. बिगरमशागतीच्या बागेत ते वरच्या काही सेंटिमीटरांतच आणि झाडाच्या घेराखाली साचते, आणि गांडुळांचा वावरही तेथेच अधिक असतो.

याखेरीज स्फुरदयुक्त खतांतून अल्प प्रमाणात कॅडमियम, झिंक सल्फेटमधून जस्त, तर शहरी कचरा, सांडपाणी आणि धातुमुलामा देणाऱ्या उद्योगांचे सांडपाणी यांतून मिश्र धातू जमिनीत येऊ शकतात. अहिल्यानगर शहरालगत वाहणाऱ्या सीना नदीसारख्या, शहरी सांडपाणी मिसळणाऱ्या प्रवाहांवर भिजणाऱ्या जमिनींत अशा मिश्र भाराचा विचार करावा लागतो.

चुनखडी, क्षार आणि आम्लता

जिल्ह्यातील बहुतेक काळ्या जमिनींचा सामू ७.५ ते ८.५च्या दरम्यान असतो आणि त्यांत मुक्त चुना असतो. अशा मातीत तांबे, शिसे, जस्त आणि कॅडमियम यांचे कार्बोनेट व हायड्रॉक्साइड बनून ते स्थिर होतात. चिकणमातीही त्यांना धरून ठेवते. त्यामुळे पिकांना जस्ताची उणीव भासते आणि गांडुळांना संरक्षण मिळते. एकाच कारणाची ही दोन फळे आहेत.

या संरक्षणाला अपवाद आहेत. भंडारदरा धरणाच्या पाण्यावर शंभर वर्षांपासून भिजणाऱ्या प्रवरा खोऱ्यात आणि इतर कालवाक्षेत्रांत काही जमिनी क्षारपड झाल्या आहेत. मातीच्या पाण्यात क्लोराइड वाढल्यास ते कॅडमियमशी विद्राव्य संयुगे बनवते आणि स्थिरावलेले कॅडमियम पुन्हा पाण्यात येऊ शकते. क्रोमेट आणि आर्सेनेट ही ऋणभारित रूपे तर अधिक सामूला अधिकच सुटी होतात. म्हणजे काळी जमीन सर्व धातूंना बांधून ठेवते हे गृहीतक सरसकट लागू होत नाही.

जिल्ह्याच्या पश्चिमेस अकोले तालुक्यातील घाटघर-रतनवाडीच्या बाजूला पर्जन्यमान खूप असून तांबूस, धुपलेल्या आणि आम्लधर्मीकडे झुकणाऱ्या जमिनी आहेत. तेवढाच धातू नेवासे तालुक्यातील काळ्या जमिनीत आणि या जमिनीत मिसळला, तर गांडुळांवरील परिणामाचा अंदाज वेगवेगळा येतो. संपूर्ण जिल्ह्यासाठी एकच मर्यादा ठरवणे यामुळे शास्त्रीयदृष्ट्या योग्य ठरत नाही.

माती परीक्षण

भारतातील माती परीक्षण प्रयोगशाळांत सूक्ष्म अन्नद्रव्यांसाठी डीटीपीए हे द्रावण वापरतात. लिंडसे आणि नॉरवेल यांनी १९७८ साली मांडलेली ही पद्धत चुनखडीयुक्त जमिनींसाठीच विकसित झाली. तिच्यातून येणारा आकडा धातूचा सहज सुटणारा अंश दाखवतो, एकूण प्रमाण नव्हे. पिकासाठी जस्ताची कमतरता ठरवणारी ०.६ मिलिग्रॅमची पातळी आणि गांडुळासाठीची २७६ मिलिग्रॅमची मात्रा या वेगवेगळ्या मापांच्या आहेत. त्यांची परस्परांशी तुलना करू नये.

२०१५ साली सुरू झालेल्या मृद आरोग्य पत्रिका योजनेत १२ घटक तपासले जातात. त्यांत जस्त, तांबे, लोह, मंगल आणि बोरॉन आहेत. कॅडमियम आणि शिसे नाहीत. म्हणून पत्रिकेवर सर्व काही योग्य दिसणारी जमीन विषारी धातूंपासून मुक्त आहे असा अर्थ काढता येत नाही. सांडपाण्यावरील किंवा शहरी कचऱ्याचे खत दीर्घकाळ घातलेल्या जमिनीसाठी वेगळे पृथक्करण करून घ्यावे लागते.

गांडूळ खत आणि धातू

गांडूळ खतामुळे कचऱ्यातील विषारी धातू नष्ट होतात, हा समज चुकीचा आहे. धातू हे मूलद्रव्य असल्याने त्याचे विघटन होत नाही. उलट, सेंद्रिय पदार्थ कुजून वजन घटल्याने धातूचे प्रमाण वाढते. किलोमागे २ मिलिग्रॅम कॅडमियम असलेल्या १०० किलो कोरड्या कचऱ्याचे ६० किलो खत झाल्यास, गांडुळांच्या शरीरात गेलेला अल्प अंश वगळता, ते प्रमाण सुमारे ३.३ मिलिग्रॅम होते. भारताच्या खत नियंत्रण आदेशात गांडूळ खतासाठी किलोमागे कॅडमियम ५, क्रोमियम ५०, निकेल ५० आणि शिसे १०० मिलिग्रॅम अशा कमाल मर्यादा दिल्या आहेत. शेतातील पालापाचोळा, शेण किंवा साखर कारखान्यातील प्रेसमड आणि शहरातील मिश्र कचरा यांत म्हणूनच भेद करणे आवश्यक असते.

मर्यादा

आयसेनिया फेटिडा ही जात शेणखत व उकिरड्यात राहणारी आहे. ती शेतजमिनीची रहिवासी नाही. दख्खनच्या शेतांत लॅम्पिटो मॉरिशीसारख्या जाती माती खाऊन आणि बिळे करून राहतात. त्यांची संवेदनशीलता वेगळी असू शकते. प्रयोगातील २० अंश तापमान आणि कायम ओलावा हेही जिल्ह्याच्या अवर्षणप्रवण हवामानाशी जुळत नाहीत. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, तेव्हा गांडुळे खोल जाऊन सुप्तावस्थेत राहतात. माती सुकताना पाण्यातील क्षार आणि धातू यांची तीव्रताही बदलते.

त्यामुळे प्रतिमानाचा अंदाज शेतातील प्रत्यक्ष गणनेशी ताडून पाहिला जातो. पावसाळ्यात किंवा तो सरताच जमिनीत ओल असताना ठरावीक मापाचे चौकोनी खड्डे घेऊन, माती हाताने निवडून गांडुळे मोजतात. प्रौढांबरोबर पिल्ले आणि कोश यांचीही वेगळी नोंद ठेवतात. तुलनेसाठी त्याच प्रकारची, परंतु फवारणी वा सांडपाणी न मिळालेली शेजारची जमीन निवडतात. प्रौढ गांडुळे आहेत पण पिल्ले व कोश नाहीत, असे चित्र दिसल्यास धातूंसह कीटकनाशके, क्षार आणि सेंद्रिय कर्बाची कमतरता या सर्व कारणांची तपासणी करावी लागते.

हे सुद्धा पहा

* गांडूळ खत
* जड धातू
* काळी मृदा
* मृद आरोग्य पत्रिका
* बोर्डो मिश्रण
* महात्मा फुले कृषी विद्यापीठ